अर्लिस ट्वेट भिंत वाळवते

भिंत ओली आहे की कोरडी हे हात लावून कळतं असं म्हणणारा माणूस एकतर अडाणी असतो, नाहीतर घरमालक. हे अर्लिस ट्वेटचं मत. समोर घरमालक असला तर ती ते जरा आवाज चढवूनच सांगायची.

लुंडबी गावात तिच्यासारखं काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. अमेरिकेच्या उत्तरेकडे रेड नदीच्या सपाट खोऱ्यातलं गाव. हिवाळ्यात थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते, मग भिंतीतले नळ फुटायचे राहतात होय? नळ फुटला की जे पाणी खोलीत येतं ते दिसतं, माणूस ते पुसतो. जे भिंतीच्या पोटात उतरतं ते दिसत नाही. तिकडच्या भिंती पोकळ. लाकडाचा सांगाडा, दोन्ही बाजूंना जिप्समचे बोर्ड, मधे ऊब धरायला कापसासारखं भरण. ते भरण पाणी पितं आणि गप्प बसतं. दोन महिन्यांनी बुरशी बोलते.

फार्गो शहराचे कंत्राटदार अशा वेळी करवत घेऊन येतात, कमरेपर्यंत भिंत कापतात, ढिगारा बाहेर फेकतात आणि नवी ठोकतात. अर्लिसची रीत वेगळी. ती तळाच्या स्कर्टिंगची पट्टी अलगद उचलायची, तिच्यामागे करंगळी जाईल एवढी भोकं पाडायची, भोकांत नळ्या खुपसायची, सगळ्या नळ्या एका ब्लोअरला जोडायची आणि भिंतीच्या पोटात कोरडी हवा सोडायची. दिवसरात्र. ओल मोजायच्या मीटरच्या दोन सुया लाकडात टोचून रोज सकाळी आकडा लिहायची. आकडा हवा तिथे उतरला की नळ्या काढायच्या, भोकं बुजवायची, पट्टी परत ठोकायची. इथे काही झालं होतं हे घरातल्या माणसालाही आठवू नये, इतकं साफ.

ती कोरडी हवाही ती विकत घेत नसे. खिडकीतून एक जाड नळ बाहेर काढायची. बाहेरची हवा इतकी गोठलेली असते की तिच्यात ओल नावालाही उरत नाही. ती आत ओढायची, वाटेत गरम करायची, भिंतीत सोडायची. फार्गोच्या माणसांकडे याच कामाची महागडी यंत्रं होती. "देवाने अख्खा हिवाळा फुकट दिलाय," ती म्हणायची, "आणि हे वीज जाळून हवा वाळवतात."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सत्त्याण्णवच्या पुरात ती साखर कारखान्यातली नोकरी सोडून ढिगारे उचलायला गेली. तिथे भिंती वाळवायला आलेल्या कंपनीच्या माणसांनी कचऱ्यात टाकलेली यंत्राची माहितीपुस्तकं तिने घरी आणली आणि स्वयंपाकघरात बसून तोंडपाठ केली. बुटकी, रुंद हाडाची, आणि रागीट. लुंडबीत राग येणं म्हणजे चारचौघांत उलटी होण्यासारखं. लोक तोंड फिरवतात आणि हवापाण्याचा विषय काढतात. अर्लिसला राग यायचा आणि ती तो लपवायची नाही, म्हणून तिला आमंत्रणं कमी आणि कामं जास्त असायची.

तिचा धाकटा भाऊ मायलो. कारखान्याच्या धुळीने त्याची छाती आधीच अर्धी झालेली. तो रोलंड क्वामीच्या बारा खोल्यांच्या इमारतीत, तळमजल्यावर तीन नंबरला भाड्याने राहायचा. क्वामी त्याच्याच वर्गातला. शाळेत दोघांनी एकाच हॉकीच्या काठीवरून मारामारी केलेली. पुढे एक मालक झाला, एक भाडेकरू.

एका जानेवारीत त्या इमारतीतला नळ फुटला. अर्लिस तेव्हा एका वाळवणीच्या कंपनीत होती. तिने तळमजल्याच्या चारही खोल्यांत नळ्या लावल्या, क्वामीला सांगितलं, "पाच दिवस. हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी तिला पलीकडच्या गावात दुसऱ्या कामावर पाठवलं. तिथून परत आली तेव्हा तिचे ब्लोअर बाहेरच्या बोळात एकावर एक रचून ठेवलेले होते आणि चारही खोल्यांना ताज्या रंगाचा वास येत होता.

"वाळलं की," क्वामी म्हणाला. "हात लावून बघितलं मी."

तिने आकडा घ्यायला मीटर काढलं तर त्याने दार अडवलं. नव्या रंगाला भोकं नकोत म्हणे. तिने कंपनीच्या मालकाला सांगितलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक वाळलं म्हणतंय ना, मग वाळलं.

मार्चमध्ये मायलोच्या पलंगामागे काळे ठिपके आले. मेमध्ये त्याला ऑक्सिजनची नळी लागली. अर्लिस त्याला आपल्या घरी ओढत होती, तो म्हणायचा, "तुझ्या त्या पत्र्याच्या डब्यात दोन माणसं मावतात का?" नोव्हेंबरमध्ये तो गेला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम घातलेले पाव, लोणच्याच्या काकड्या, कॉफी. अर्लिस कॉफीच्या मोठ्या पिंपामागे उभी होती, कारण तिकडच्या रीतीने मयताच्या सख्ख्या बहिणीनेही कॉफी ओतायला उभं राहायचं असतं. पिंपाच्या पलीकडे क्वामी हातात पाव घेऊन कुणाला तरी सांगत होता, "ती भिंत अर्लिसनेच वाळवली होती. तिनेच सांगितलं कोरडी आहे म्हणून. स्वतःच्या भावाची खोली! बिचारीला किती लागलं असेल."

तो कप पुढे करून आला. तिने भरून दिला. मयताच्या दिवशी गरम कॉफी माणसाच्या तोंडावर फेकायची नसते, एवढं तिला कळत होतं. पण त्या दिवसापासून तिने एक गोष्ट ठरवली. हा माणूस याच तळघरात उभा राहून खरं बोलणार. मरणाआधी. त्याच्या किंवा तिच्या.

ते वाक्य गावभर पसरलं. अर्लिसने वाळलं म्हटलं होतं. कंपनीने तिला काढलं, आणि काढताना तेच वाक्य कारण म्हणून लिहिलं. तिने एक जुना ब्लोअर आणि नळ्यांचं जुडगं विकत घेतलं आणि एकटीने काम सुरू केलं. लुंडबीचं काम तिला क्वचितच मिळायचं. तिला लांबलांबची गावं बोलवायची, जिथे मायलोचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

चार वर्षं गेली. क्वामी दर हिवाळ्यात बायकोला घेऊन अ‍ॅरिझोनात उन्हाला जायचा, गावातले सगळे पैसेवाले म्हातारे जातात तसा. जाताना घर गरम ठेवायचं यंत्र अगदी खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. फेब्रुवारीत त्याची शेजारीण ऑर्फा कुत्र्याला फिरवताना थबकली. क्वामीच्या उत्तरेकडच्या भिंतीतून बाहेर बर्फाची दाढी लोंबत होती.

तो विमानाने धावत आला. फार्गोचे लोक आले, बघून म्हणाले, कापावी लागेल. आणि इथे क्वामी अडला. उत्तरेची भिंत म्हणजे बैठकीची भिंत. तिच्यावर लाकडी फळ्या, आणि फळ्यांवर त्याच्या आईने, बोर्गहिल्डने, अकरा हिवाळे बसून रंगवलेली वेलबुट्टी. नॉर्वेहून आलेल्या कुटुंबांमधली ती जुनी कला. निळ्या जमिनीवर वळणावळणाची लाल फुलं, जमिनीपासून छतापर्यंत. उन्हाळ्यात शाळेची मुलं ती भिंत बघायला यायची. क्वामीकडे पैसा होता, पण दाखवण्यासारखी गोष्ट ती एकच.

भिंत न कापता वाळवणारं माणूस शंभर मैलांत एकच.

तो गावाबाहेरच्या वस्तीत अर्लिसच्या पत्र्याच्या घरी आला, टोपी हातात घेऊन.

"कॉफी?" अर्लिसने विचारलं.

"नको नको, उगाच त्रास."

"बरं," ती म्हणाली, आणि फक्त स्वतःच्या कपात ओतली.

लुंडबीत हे थोबाडीत मारल्यासारखं. पहिलं 'नको' शिष्टाचाराचं असतं, दुसरंही. यजमानाने तिसऱ्यांदा विचारायचं आणि पाहुण्याने 'मग अर्धाच कप' म्हणायचं. अर्लिसने एकदाच विचारलं. क्वामीने घोट नसताना घोट गिळला.

"तुझ्या कानावर आलंच असेल."

"आलंय. अ‍ॅरिझोनात ऊन कसं आहे?"

"ठीक. वाईट नाही."

"आणि सिंकखालचं कपाट? उघडं ठेवून गेला होतास, का बंद?"

"...बंद."

"म्हणजे आतल्या नळाला उबेचा वाराही लागू दिला नाहीस. वा. कुठे काटकसर करावी ते तुझ्याकडून शिकावं."

"अर्लिस, आईची भिंत आहे ती. वाळेल का?"

"वाळेल. नऊ दिवस. हळू वाळवावी लागेल, घाई केली तर फळ्या तडकतील."

"पैसे तू म्हणशील ते."

"नेहमीचेच. पण रविवारी प्रार्थना झाली की खाली कॉफीच्या वेळेला उभं राहायचं आणि सांगायचं. मायलोच्या भिंतीचं. ब्लोअर कुणी बंद केला, भोकं कुणी बुजवली, वाळलं असं कुणी म्हटलं. तुझ्या तोंडाने."

"चार वर्षं झाली गं त्याला."

"किती झाली ते मला नको सांगूस."

"आणि नाही बोललो तर?"

"तर रविवारी दुपारी मी येईन आणि प्लग काढीन. तिसरा दिवस असेल तो. तू माझा दुसऱ्याच दिवशी काढला होतास. एक दिवस जास्त देतेय, शेजारधर्म म्हणून."

क्वामीने टोपी डोक्यावर चढवली. "हा सूड आहे, अर्लिस."

"मग तुला काय वाटलं, नाताळची भेट?"

शुक्रवारी सकाळी तिने काम मांडलं. आणि काम तिने असं केलं की शत्रूनेही बघत राहावं. पट्टी उचलताना एक खिळा वाकवला नाही. सगळी भोकं फळ्यांच्या खाली, फुलांना धक्का नाही. हवेचा जोर इतका कमी ठेवला की नळीच्या तोंडाशी हात धरला तर दुधावर फुंकर घातल्यासारखं वाटावं. शुक्रवारी आकडा चौतीस, शनिवारी एकतीस. लाकडाला अकरावर यायचं होतं. क्वामी मागे उभा राहून विचारायचा, "कसं काय?" ती म्हणायची, "रविवार कधी आहे?"

खरं सांगायचं तर त्याने गप्प बसावं असंच तिला आतून वाटत होतं. तो बोलला असता तर तिला त्याची भिंत वाचवावी लागली असती.

रविवारी तळघरात केक कापून झाल्यावर क्वामी उठला. खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला, साठेक माणसं वळली. तो घसा खाकरून म्हणाला, "काही वर्षांपूर्वी माझ्या इमारतीत ओलीच्या बाबतीत थोडा, म्हणजे, गोंधळ झाला होता. सगळ्यांकडूनच. कुणाला त्रास झाला असेल तर वाईट वाटतं." आणि बसला.

त्या गावाच्या मानाने हे म्हणजे अंगावरचे कपडे काढून उभं राहण्यासारखं होतं. पाळकबाईंनी डोळे मिटून मान हलवली. स्वयंपाकघराची सगळी सत्ता जिच्या हातात, ती लाव्हर्न मोएन अर्लिसच्या दंडाला हात लावून कुजबुजली, "बोलला गं बिचारा. त्याच्यासाठी एवढं खूप झालं. आता सोड."

"गोंधळाला हात असतात का गं लाव्हर्न?" अर्लिस मोठ्याने म्हणाली. मग वळली. "रोलंड, भोकांत पुट्टी कोणी भरली?"

क्वामी कपाच्या तळाशी बघत होता.

"मी सोपं विचारतेय. चार खोल्या, साठ भोकं. पुट्टी आपोआप चढली?"

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आज वारा फार आहे नाही?" दोघातिघांनी लगेच मान डोलावली. हो, फारच वारा. अर्लिसने कोट चढवला आणि निघाली.

सव्वाबारा वाजता तिने क्वामीच्या बैठकीतला प्लग काढला. वहीत लिहिलं, 'रविवार. एकोणतीस. वाळलेली नाही.' नळ्या गुंडाळत होती तोवर क्वामी धापा टाकत आत आला.

"बोललो ना मी! सगळ्यांसमोर बोललो!"

"तू हवा सोडलीस. ते काम माझं आहे."

"ही भिंत जाईल अर्लिस."

"माहितेय. माझ्याकडे मीटर आहे."

ती गेली आणि क्वामीने त्याच्या स्वभावाला साजेशी चूक केली. धीर नाही, आणि दुसऱ्याच्या कामाला अक्कल लागते हे मान्य नाही. गॅरेजमधून दोन मोठे हीटर आणून त्याने फुलांच्या समोर हातभर अंतरावर लावले आणि पूर्ण जोरात सोडले. पाठीला ओल आणि तोंडाला आग. सोमवारी संध्याकाळी क्वामीकडे डोकावून आलेल्या ऑर्फाचा फोन आला. "अगं, खालची फुलं फुगतायत! मक्याच्या लाह्यांसारखा आवाज येतोय."

"येऊ दे," अर्लिस म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी लाव्हर्न बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं भांडंभर जेवण, घेऊन आली. लुंडबीत भांडण मिटवायला शब्द वापरत नाहीत, भांडं वापरतात.

"बोर्गहिल्डने तुझं काय वाईट केलं होतं गं?"

"काही नाही. मायलोने तरी रोलंडचं काय वाईट केलं होतं?"

"सुंदर वस्तू आहे ती. गावाची आहे."

"मायलोची फुप्फुसं दाखवायला शाळेची मुलं आणायची राहिलीच तुमची." मग अर्लिसने त्या भांड्याकडे बघितलं. "तू इथे चार वर्षांत पहिल्यांदा आलीस लाव्हर्न. भिंतीसाठी आलीस. मला वाटतं ते भांडं तू घरी ने."

लाव्हर्न भांडं घेऊन उठली. दारात थांबली. "तो म्हणाला आणि आम्ही मानलं," ती म्हणाली. "तुला विचारायला हवं होतं." आणि गेली. ती घरी गेली नाही, क्वामीकडे गेली. तिथे काय बोलली ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

बुधवारी ईस्टरआधीच्या उपासाचं पहिलं सूप होतं. तळघर भरलेलं. क्वामी दाढी न करता आला. वाढून झाल्यावर उभा राहिला, या वेळी खुर्चीला धरून.

"मायलो ट्वेटच्या खोलीतला ब्लोअर मी बंद केला," तो म्हणाला. "विजेचं बिल माझ्यावर येत होतं, आणि एक तारखेला दोन खोल्या द्यायच्या होत्या. नळ्या मी उपसल्या. पुट्टी मी भरली. या अंगठ्याने. रंग मीच लावला. भिंत वाळली असं अर्लिसने कधीच म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं. आणि तिनेच म्हटलं असं मी याच खोलीत सांगितलं. त्याच्या दफनाच्या दिवशी."

साठ चमचे वाडग्यांत थांबले. हवापाण्याविषयी कुणी काही बोललं नाही.

अर्लिस उठली. सगळ्यांना वाटलं, आता रडेल, नाहीतर त्याचा हात हातात घेईल. तिने पर्समधून कागद आणि पेन काढलं आणि त्याच्या वाडग्याशेजारी ठेवलं. "आता हेच लिही. तारखेसकट. पाळकबाई, तुम्ही साक्षीला सही करा. लाव्हर्न, तूही."

"अगं, सूप तरी..." कुणीतरी म्हणालं.

"निवू दे."

त्याने लिहिलं. लाव्हर्नने पहिली सही केली. गुरुवारी पहाटे अर्लिसने नळ्या परत लावल्या आणि दिला शब्द पाळला. एक तासही कमी नाही. दहाव्या दिवशी आकडा अकरावर आला. वरची भिंत वाचली. खालची गुडघाभर पट्टी गेली, नुसतं उघडं लाकूड. तिथे बोर्गहिल्डचं नाव होतं आणि साल होतं.

क्वामी त्या पट्टीसमोर उकिडवा बसला होता. "याचं काय करू आता?"

"रंग लाव," अर्लिस म्हणाली. "तुला येतो."

लोक सांगतात, सूडाने शांती मिळत नाही. लोक चर्चमधल्या पत्रकांवर वाचलेलं सांगतात. अर्लिस त्या रात्री साडेआठला झोपली आणि सकाळी सातला उठली. चार वर्षांत पहिल्यांदा मधे जाग आली नाही.

तो कागद तिने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याकडे नेला. एप्रिलमध्ये बारा खोल्यांच्या इमारतीत माणसं आली आणि या वेळी करवत अर्लिसनेच मागितली. बुरशी धरलेल्या भिंतीत हवा सोडली तर ती घरभर उडते. तिथे वाळवणं संपतं, कापणं सुरू होतं. तीन नंबरला आता ऑफेलिया नावाची कारखान्यातली बाई राहायची. दोन वर्षं ती खोकल्याला थंडीचा खोकला समजत होती. बोर्ड निघाला तेव्हा ती नाकाला पदरासारखा स्कार्फ धरून पुढे झाली आणि बघत राहिली. आतलं भरण डांबरासारखं काळं होतं. बोर्डाच्या खालच्या कडेला गोल भोकं, आणि प्रत्येक भोकात पुट्टीची गोळी.

"इतके दिवस हे माझ्या उशाशी होतं?" ऑफेलियाने विचारलं.

"हो," अर्लिस म्हणाली. "बाई, तुझ्या औषधांच्या चिठ्ठ्या आहेत का? पुराव्याला सगळ्या आण."

क्वामी बोळात उभा होता, काउंटीच्या माणसाने बोलावलं होतं म्हणून. बारा बिऱ्हाडं दुरुस्ती होईपर्यंत त्याच्या खर्चाने दुसरीकडे हलणार होती. जाताना त्याने अर्लिससमोर हात पुढे केला. "आता तरी मिटलं म्हणशील?"

तिने त्या हाताकडे बघितलं. अंगठ्याकडे जरा जास्त वेळ.

"नाही," ती म्हणाली, आणि चार नंबरचं दार ठोठावायला गेली.